सावडीचे नऊ दिवस : मावळातली खाचरे आणि पुरंदरची बाग

पहिला दिवस, शनिवार

पुणे स्थानकावरून लोणावळ्याकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलने मी आणि माझी भाची कामशेतला उतरलो, तेव्हा पाऊस इतका दाट होता की समोरचे डोंगर पुसून टाकल्यासारखे दिसत होते. पाठपिशव्यांत प्रत्येकी तीन जुने सुती जोड, प्लॅस्टिकची खोळ, विजेरी, हळद आणि खोबरेल तेल एवढेच सामान होते. धनुर्वाताचे इंजेक्शन आम्ही आठवडाभर आधीच घेतले होते. नाणे मावळात, वडिवळे धरणाच्या बाजूला, ज्या शेतकऱ्याकडून आमची सोसायटी गेली सहा वर्षे तांदूळ घेते, त्यांच्या घरी भातलावणीच्या दिवसांत राहून काम करायचे आणि उरलेले दिवस पुरंदर तालुक्यातल्या एका फळबागेत द्यायचे, असा आमचा बेत होता.

भाची जपानी भाषा शिकते. दोन वर्षांपूर्वी तिने जपानमधल्या एका डोंगराळ खेड्यात तीन आठवडे अशाच रीतीने काढले होते. दिवसाला साधारण सहा तास शेतकाम, त्याच्या बदल्यात जेवण आणि झोपायला जागा, पैसे कोणीच कोणाला द्यायचे नाहीत, अशी ती व्यवस्था असते आणि जगभर ती 'वूफ' या नावाने ओळखली जाते. तिची सुरुवात १९७१ साली इंग्लंडमध्ये झाली. लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांना गावाकडची ओढ होती, पण तिथे जाऊन राहण्याचे निमित्त नव्हते. म्हणून त्यांनी ससेक्स परगण्यातल्या इमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवारी काम करण्याची परवानगी मिळवली आणि काही जणांना बरोबर नेले. सुरुवातीच्या नावाचा अर्थही 'सेंद्रिय शेतांवरचे कामाचे शनिवार-रविवार' एवढाच होता. पुढे लोक आठवडेच्या आठवडे राहू लागले, देशोदेशी संघटना उभ्या राहिल्या आणि नावाचा विस्तार बदलत गेला.

आम्ही मात्र कोणत्याही यादीतून शेत निवडले नाही, कारण आधीचा एक अनुभव कडू होता. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, पुण्यापासून दोन तासांच्या अंतरावरच्या एका शेतावर मी 'सेंद्रिय शेती शिकायला' म्हणून गेले होते. तिथे चार दिवस रोज आठ तास विटा वाहिल्या, एका खोलीच्या भिंतींना गिलावा करायला मदत केली आणि निघताना जेवणाचे पैसेही भरले. मातीशी संबंध आला तो सिमेंटमध्ये मिसळायच्या वाळूपुरता. कष्टांचे मला दुःख नव्हते. आपण तिथे नक्की कोण आहोत, पाहुणे, विद्यार्थी की बिनपगारी मजूर, हे शेवटपर्यंत कळले नाही, ते मात्र मनाला लागून राहिले. मी पंचवीस वर्षे हिशेबनिसाचे काम केले आहे. देणे किती आणि येणे किती हे ठरलेले नसेल तर दोन्ही बाजूंच्या मनात अढी राहते, हे मी कागदावर पुष्कळदा पाहिले आहे.

त्यामुळे या वेळी मी सगळे लिहून नेले होते : रोज पाच तास, कोणती कामे, अर्धा दिवस सुटी, दोन वेळचे जेवण. घरधन्यांना आम्ही दादा म्हणतो. त्यांनी तो कागद शांतपणे वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ताई, हे समदं बरोबर हाय. पण आधी चहा घ्या." चहा पिताना माझ्या ध्यानात आले की कागदावर एक गोष्ट सुटली होती. दोन माणसे जास्तीची आली की त्यांच्या भाकऱ्या, त्यांची ताटे आणि त्यांच्या अंघोळीचे पाणी हा सगळा भार घरातल्या बाईवर पडतो, आणि लावणीच्या दिवसांत ती बाईच खाचरात सगळ्यांत जास्त राबत असते. सायंकाळची भांडी आणि सकाळची झाडलोट आमच्याकडे, हे मी वहिनींशी तिथेच बोलून घेतले. त्या आधी नको नको म्हणाल्या, मग हसल्या आणि राखेचे भांडे कुठे असते ते त्यांनी दाखवले.

दुसरा दिवस, रविवार

सकाळी सहाला रोपे उपटायला गेलो. दादांची सात खाचरे आहेत, डोंगराच्या उतारावर एकाखाली एक. वरची तीन पूर्ण सेंद्रिय आहेत आणि खालच्या चारांत युरिया-डीएपी या रासायनिक खतांच्या गोळ्या अजून वापरल्या जातात. अशी वाटणी का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी हाताने पाण्याची वाट दाखवली. भाताच्या खाचरातले पाणी बांधावरून खालच्या खाचरात उतरते. वर कोणी युरिया टाकला तर खालच्याने कितीही ठरवले तरी त्याचे शेत सेंद्रिय राहत नाही. म्हणून त्यांनी सुरुवात वरून केली. त्यांच्या खाचरांच्या वर फक्त जंगल आहे, आणि सेंद्रिय म्हणून ते विकतात तो तांदूळ त्या तीन खाचरांतलाच असतो. मी सहा वर्षे तो तांदूळ खाते आहे, पण पाणी वरून खाली वाहते ही साधी गोष्ट त्याच्या पिशवीशी जोडलेली आहे हे मला त्या बांधावर उभे राहिल्यावर समजले.

रोपवाटिकेची हकीकत आजींनी, म्हणजे दादांच्या आईंनी, सांगितली. पूर्वी इथे राब भाजत असत. उन्हाळ्यात शेणी, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या आणि गवत यांचे थर रोपांच्या जागेवर पसरून पेटवायचे, म्हणजे तणाचे बी जळते, राखेतून पालाश मिळते आणि पहिल्या पावसावर त्या जागी भात पेरला की रोपे तरारून येतात. पद्धत कामाची होती, पण एका लहानशा जागेसाठी कितीतरी झाडांच्या फांद्या आणि जे शेण खत म्हणून सगळ्या शेताला पुरले असते ते सगळे जळून जात असे. दादांनी राब सोडून गादीवाफे, म्हणजे रोपांसाठी उंच केलेले वाफे, सुरू केले. पेरण्याआधी बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवतात, दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, तळाचे जड दाणे दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. "पोचट दाणा तोंडानं कळत न्हाय, पाण्यात कळतो," आजी म्हणाल्या.

रोपे तीन आठवड्यांची झाली होती. ती मुळांसकट अलगद ओढायची, पाण्यात हिसळून चिखल काढायचा आणि ओंजळीत मावेल एवढी मूठ बांधून मागे टाकायची. पहिल्या तासात माझी निम्मी रोपे मुळापाशी तुटली. तुटलेले रोप वाया जाते, कारण पेरलेले बी मोजके असते. वहिनींनी माझा हात धरून दाखवले की रोप वर नव्हे, आपल्याकडे तिरपे ओढायचे असते, आणि त्यानंतर ते जमू लागले.

तिसरा दिवस, सोमवार

आज लावणी. आठवड्यापूर्वीच दादांनी वरच्या खाचरांत गिरिपुष्पाचा, म्हणजे ग्लिरिसिडियाचा, पाला टाकून ठेवला होता. बांधावर लावलेली ही झाडे छाटली की हिरवळीचे खत घरचे मिळते, आणि कोवळा पाला आठवड्याभरात चिखलात कुजून जातो. पहाटे पॉवर टिलरने चिखलणी झाली. खाचराच्या कोपऱ्यांत यंत्र वळत नाही, तिथला चिखल आम्ही पायांनी तुडवला. गमबूट घालू नका, असे दादांनी आधीच बजावले होते, कारण बूट चिखलात रुततो आणि माणूस बाहेर येतो पण बूट आत राहतो. अनवाणी पायांना तो चिखल आधी गार लागला, मग ऊबदार वाटू लागला.

लावणी आमच्याकडे, म्हणजे पुण्याच्या घरांतून, दुरून बघायची गोष्ट असते. एक्स्प्रेस वेवरून जाताना हिरव्या पाण्यात वाकलेल्या रांगा दिसतात आणि ते दृश्य सुंदर आहे असे आपण म्हणतो. जवळून पाहिले तर त्यात सगळीकडे मोजमाप आहे. खाचराच्या दोन टोकांना दोर धरलेला असतो, त्यावर पंचवीस आणि पंधरा सेंटिमीटरच्या आळीपाळीने खुणा असतात, आणि प्रत्येक खुणेपाशी दोन-तीन रोपांचा एक चूड लावायचा असतो. ही चारसूत्री लागवडीची रीत आहे. तिच्या चार सूत्रांपैकी भाताचा तूस आणि पेंढा जमिनीला परत देणे, गिरिपुष्पाचा पाला वापरणे आणि ठरावीक अंतरावर लावणे ही तीन सूत्रे दादा सगळीकडे पाळतात. चौथे सूत्र चार चुडांच्या मधोमध खताची गोळी खोचण्याचे आहे, ते वरच्या तीन खाचरांत त्यांनी सोडले आहे.

रोप किती खोल जावे हे माझ्या बोटांना शेवटपर्यंत अवघड गेले. दोन-तीन सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. खोल रोवलेल्या रोपाला फुटवे कमी येतात आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. पण वरवर लावलेले रोप पाण्यावर तरंगून येते, म्हणून घाबरून आपण ते खोल दाबतो. वहिनी माझ्या शेजारच्या ओळीत होत्या. त्यांचा अंगठा आणि दोन बोटे रोपासकट चिखलात शिरत आणि बाहेर येत, आणि रोप जागच्या जागी उभे राहत असे. त्यांनी स्वतःचे काम थांबवून अर्धा दिवस आम्हा दोघींना शिकवले. माझे चुकलेले चूड त्या काही न बोलता उपटून पुन्हा लावत. दुपारनंतर त्यांनी एकदाच मागे वळून माझ्या ओळीकडे पाहिले आणि पुढे गेल्या, आणि त्या न बोलता पुढे जाण्याने मला फार बरे वाटले.

वरच्या दोन खाचरांत इंद्रायणी आणि सगळ्यांत वरच्या एका लहान खाचरात आंबेमोहर, अशी लावणी होती. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार करून १९८७ साली शेतकऱ्यांना दिले. आंबेमोहराचा वास थोडा आणि उत्पादन बरेच जास्त, म्हणून ते मावळभर पसरले. मूळ आंबेमोहर उंच वाढतो, युरियाचा मारा झाला की आणखी उंच होतो आणि लोंबी भरली की वाऱ्याने लोळतो. सेंद्रिय शेतात त्याची वाढ आवरलेली राहते. दादा त्याला "जुना मानूस" म्हणतात. त्याला थोडे खायला घातले तर तो टिकतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

चौथा दिवस, मंगळवार

आज दादांच्या शेतात काम नव्हते, तरीही आम्ही सगळे सहाला बाहेर पडलो. काल लावणीला शेजारच्या दोन घरांतून पाच बायका आल्या होत्या, आणि आज त्यांच्याकडे लावणी होती. याला इथे सावड म्हणतात. आज त्यांच्या खाचरात आपली माणसे, उद्या आपल्या खाचरात त्यांची. मजुरी नाही, ज्याच्याकडे काम त्याच्याकडे जेवण. गावातल्या सगळ्यांची लावणी त्याच पंधरवड्यात येते, त्या दिवसांत रोजाने माणूस मिळत नाही, आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. या अडचणीतून ही रीत टिकून राहिली आहे. नांगर-बैल घेऊन सगळे एकाच्या शेतात उतरतात त्या रीतीला इर्जिक म्हणतात, आणि आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात डोंगरउतारावर खाचरे तयार करण्याच्या सामूहिक कामाला पडकई हे नाव आहे. माझ्या भाचीने जपानमध्ये आणि स्यू कॉपर्ड यांनी ससेक्समध्ये जे केले, त्याच्या जवळ जाणारे शब्द आपल्या भाषेत पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. ते मला पन्नाशीत, पायाला चिखल लागल्यावर भेटले.

निघण्याआधी आजींनी ओसरीच्या भिंतीकडे पाहिले. तिथे कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या, प्रत्येक घराची वेगळी ओळ. त्या दिवशी दादांच्या घरातून पाच माणसे देणे होते. दादा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि चुलतभाऊ ही चार झाली. आजींनी आम्हा दोघींकडे पाहिले, थोडा विचार केला आणि निवाडा दिला : "ह्या दोघी मिळून एक."

मला तो निवाडा अगदी योग्य वाटला. मागच्या वेळी जिथे गेले होते तिथे मी किती तास काम केले याची नोंद कोणी ठेवली नव्हती, आणि इथे एका म्हाताऱ्या बाईने माझी किंमत अर्धा माणूस अशी नेमकी ठरवून मला व्यवहारात आत घेतले होते. दिवसभर मी त्या अर्ध्या माणसाला उणे पडू दिले नाही. त्या शेतातल्या बायका गाणी म्हणत होत्या, एक ओळ पुढच्या बायका उचलायच्या आणि दुसरी मागच्या; माझ्या तोंडी ती गाणी नव्हती, पण गाण्याच्या ठेक्यावर हात चालतो आणि पाठीचे दुखणे मागे पडते हे मात्र खरे आहे. दुपारी बांधावर तांदळाची भाकरी, सुकट आणि कुर्डूची भाजी मिळाली.

जेवताना मी दादांना एक प्रश्न विचारला, जो माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होता. शहरातली माणसे फुकट काम करायला आली तर गावातल्या मजुरी करणाऱ्या बायकांचा रोज बुडत नाही का? ते म्हणाले, लावणीत नाही, कारण लावणीला हात कमीच पडतात. पण बेणणीच्या दिवसांत, म्हणजे भातातले तण काढायच्या वेळी, वस्तीवरच्या तीन बायकांना ते दरवर्षी रोजाने बोलावतात, आणि त्या दिवसांत कोणी पुण्याहून यायचे म्हटले तर ते नाही म्हणतात. "त्यांचं घर त्यावर चालतं. तुमचं न्हाय." स्वयंसेवक म्हणून शेतावर जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने यजमानाला हा प्रश्न विचारावा असे मला मनापासून वाटते, आणि उत्तर टाळणाऱ्या शेतावर जाऊ नये.

पाचवा दिवस, बुधवार

रात्रभर पाऊस कोसळला. ठरलेली अर्ध्या दिवसाची सुटी आम्ही घेतली नाही, कारण पहाटे वरच्या खाचराचा बांध खेकड्यांनी पोखरलेल्या बिळातून फुटला होता आणि पाण्याबरोबर नवी रोपे वाहून जात होती. दगड, माती आणि पेंढा यांनी खांड बुजवली. दुपारी पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्याचे दिसले. वहिनींनी तेल-हळद लावली. उरलेला दिवस झोपेत गेला.

सहावा दिवस, गुरुवार

निघताना मी आजींना विचारले की आमचा हिशेब कसा झाला. त्यांनी बोटांवर मोजले. रोपे उपटली ती, लावणी केली ती, सावडीचा दिवस आणि बांध, हे सगळे जेवणा-राहण्याला फिटले. "पर माजी सून अर्दा दिस तुमास्नी शिकवीत बसली. तिची वळ ऱ्हायली त्या दिशी. त्यो अर्दा दिस तुमच्याकडं ऱ्हायला." एवढे बोलून त्यांनी ओसरीच्या भिंतीवर, शेजारच्या घरांच्या रेघांखाली, कोळशाने एक आखूड रेघ ओढली. शिकवण्याला वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्या तरी पदरचा असतो, ही नोंद माझ्या लिहून नेलेल्या कागदावर नव्हती. कापणीला येते, असे मी त्यांना सांगितले.

कामशेतहून पुण्याला आणि तिथून दिवे घाट चढून सासवडकडे आलो. घाटातून खाली मस्तानी तलाव दिसला, आणि पलीकडे उतरलो तेव्हा अंगावरची खोळ काढून ठेवावी लागली, कारण पाऊसच नव्हता. दोन्ही शेते पुणे जिल्ह्यातलीच, त्यांच्यातले अंतर शंभर किलोमीटरच्या आतले. पण मावळात आम्ही पाणी बाहेर कसे काढावे याची चिंता करत होतो आणि पुरंदरमध्ये बागेचे धनी, ज्यांना आम्ही काका-काकू म्हणतो, मातीतली ओल कशी टिकवावी याच्या चिंतेत होते.

सातवा दिवस, शुक्रवार

काकांची बाग तीन एकरांची आहे, दोन एकर सीताफळ आणि एक एकर अंजीर. मधल्या पट्ट्यांत वाटाणा आणि घेवडा. सकाळचे काम आच्छादनाचे होते : उसाचे पाचट आणि वाळलेले गवत झाडांच्या आळ्यांवर चार बोटे जाडीने पसरायचे, पण खोडापासून वीतभर दूर ठेवायचे, नाहीतर खोड कुजते. पसरताना आच्छादनाच्या खालची माती हाताला लागली. शेजारच्या उघड्या बांधावरची माती ढेकळासारखी कडक होती; इथली मुठीत दाबली की आकार धरत होती आणि बोटाने टोचली की सुटत होती.

जीवामृत करण्याचे काम दुपारी झाले. दोनशे लिटर पाण्याच्या पिंपात दहा किलो ताजे शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून ढवळायचे आणि सावलीत दोन दिवस ठेवायचे. सकाळ-सायंकाळ पुन्हा ढवळायचे. एका एकराला एवढे पुरते. सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीच्या प्रचारातून ही कृती महाराष्ट्रभर पोहोचली. काकांची त्यावर आंधळी श्रद्धा नाही. सीताफळाच्या एका ओळीला ते मुद्दाम जीवामृत देत नाहीत आणि दर हंगामात त्या ओळीची फळे वेगळी मोजतात. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवारातली ही शिकवण आहे, असे ते म्हणाले; शेतकऱ्याने आपल्याच शेतात प्रयोग करावा, मोजावे आणि दुसऱ्याला सांगावे. अशा बागेत राहणाऱ्याला प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही.

गोठ्याच्या मागे कंपोस्टचा ढीग होता. पालापाचोळा, शेण, मूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि थोडी लाकडाची राख, असे थर. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होते आणि त्यांनी भारतीय शेतकऱ्यांच्या निरीक्षणातून, चिनी शेतीच्या अभ्यासाची जोड देऊन, अशा थरांच्या खताची शास्त्रशुद्ध पद्धत बसवली. इंग्लंडमधल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीने तिचा मोठा आधार घेतला. ढीग उलटताना हात आत घातला तर तो चटका बसावा इतका तापलेला होता.

आठवा दिवस, शनिवार

सकाळी सीताफळांवरचा पिठ्या ढेकूण. पांढरा, कापसासारखा दिसणारा हा किडा फळाच्या खाचांत बसतो आणि मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी त्याला झाडावर सांभाळतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करावी लागते. आम्ही खोडांभोवती चिकट पट्ट्या गुंडाळल्या, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या आणि निंबोळी अर्क फवारला. शंभर लिटर पाण्याला पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या, रात्रभर भिजवून गाळलेल्या. एका फवारणीने काम होत नाही. काकूंनी मागच्या वर्षीच्या नुकसानीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता. आसपासच्या सगळ्या बागांनी रासायनिक फवारणी केली, आपण केली नाही, आणि निम्मा माल व्यापाऱ्याने परत पाठवला. सेंद्रिय हा शब्द आपण बाजारात दोन रुपये जास्त देऊन घेतो, पण तो टिकवण्याची किंमत अशा एखाद्या हंगामात एका घराने एकट्याने मोजलेली असते.

दुपारी काकांनी एक पत्र्याची पेटी पुढे ठेवली. ते पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धत, या व्यवस्थेतून सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र घेतात. निर्यातीसाठी २००१ पासून जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात त्रयस्थ संस्था येऊन तपासणी करते, आणि तिचा खर्च लहान शेतकऱ्याला जड जातो. २०११ मध्ये सुरू झालेल्या पीजीएसमध्ये किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो आणि एकमेकांची हमी घेतो. रासायनिक शेती सोडल्यावर लगेच सेंद्रिय म्हणता येत नाही; हंगामी पिकांना दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे संक्रमणाचा काळ धरतात. या सगळ्याला नोंदी लागतात : कोणत्या तारखेला काय टाकले, कुठून आणले, किती तोडले, कोणाला विकले. काकांच्या नोंदी कॅलेंडरच्या पानांवर, पाकिटांच्या मागे आणि एका शालेय वहीत विखुरलेल्या होत्या, आणि गटाची तपासणी पुढच्या पंधरवड्यात होती.

इथे मी अर्धा माणूस नव्हते. सायंकाळपर्यंत आणि जेवणानंतर कंदिलाएवढ्या दिव्याखाली रात्री अकरापर्यंत मी आणि भाचीने त्या पेटीतला प्रत्येक कागद तारखेने लावला, दोन नव्या वह्यांत रकाने आखले, एक खरेदी-वापराची आणि एक तोडणी-विक्रीची, आणि मागच्या चौदा महिन्यांच्या नोंदी उतरवल्या. तीन ठिकाणी मेळ बसेना. काकूंना आठवले की त्या निंबोळ्या विकत आणलेल्या नव्हत्या, देवळापाशी वेचलेल्या होत्या. तेही लिहिले. शेतावर जाणाऱ्या शहरी माणसाने कुदळ चालवलीच पाहिजे असे मी इतके दिवस समजत होते. आता मला वाटते की आपल्या हाताला जे खरोखर येते ते यजमानाला पहिल्याच दिवशी सांगावे.

नववा दिवस, रविवार

सकाळी जीवामृत तयार होते, ते मातीत ओल असलेल्या ओळींना दिले. दहाच्या एसटीने पुण्याला परतलो. काकूंनी घेवड्याची जुडी आणि पिकत आलेली चार सीताफळे बरोबर दिली होती.

नोव्हेंबरचा एक दिवस

कापणीला मी एकटीच गेले, कारण भाचीची परीक्षा होती. वरचे खाचर पिवळे धमक झाले होते आणि बांधावर पोहोचण्याआधीच आंबेमोहराचा वास आला. पेंढ्या वाहून नेल्या, खळ्यावर फळीवर झोडल्या, वाऱ्याला सूप धरले. विळा मला वहिनींनी दिला नाही, हाताला सवय नसताना विळा धरू नये म्हणाल्या. सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत मी खळ्यावर होते.

सायंकाळी आजी ओसरीवर आल्या. बोट पाण्यात बुडवून त्यांनी भिंतीवरची आमची आखूड रेघ पुसली. मग कोळसा घेतला आणि त्याच जागी, थोडी खाली, तेवढीच आखूड रेघ पुन्हा ओढली. ही कशाची, असे मी विचारले.

"दिसभर केलंस की. आता अर्दा दिस आमच्याकडं ऱ्हायला," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं काय काम निघालं की कळव."